माळ्यावरची माकडटोपी

अलास्काची क्रूझ ठरली की घरात सगळ्यात आधी तिकीट निघत नाही. माळ्यावरून माकडटोपी निघते. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, ती कोणी कधी विकत घेतली ते कुणालाच आठवत नसतं आणि ती कुणाच्याच डोक्याला बसत नाही. तरी ती बॅगेत सगळ्यात तळाशी, सन्मानाने जाते.

आजवर आपण समुद्रावर गेलो ते उकाड्यातून उकाड्यात. सिंगापूरहून फुकेत, नाहीतर मुंबईहून गोवा-लक्षद्वीप. तिथलं सामान म्हणजे तीन बर्म्युडा, एक हवाई चप्पल आणि काळं पडण्याची भीती. बाकी हुशारी बुफेची वेळ आणि पोहण्याच्या तलावाकाठची खुर्ची धरण्यात. या अनुभवाच्या जोरावर आपण स्वतःला क्रूझमधले जाणकार समजतो आणि मग अलास्काचं बुकिंग करून सियाचीनची तयारी करतो.

चूक इथेच होते. जून-जुलैत अलास्काच्या राजधानीत, जुनोला, दुपारी १५ ते १८ अंश असतात आणि पहाटे ८ ते १०. हे तर पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळचे आकडे झाले, आणि तेवढ्यात पुणेकर कानटोपी घालून टेकडी चढून येतात. अलास्कात माणूस काकडतो तो पारा उतरल्यामुळे नव्हे. पाऊस आणि वाऱ्यामुळे. केचिकॅन गावात वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या दीडपटीहून जास्त, महाबळेश्वरहून मात्र कमी. गावकरी त्याला 'लिक्विड सनशाइन' म्हणतात आणि धक्क्याजवळ पाऊस मोजणारी भलीमोठी पट्टी उभारून पाहुण्यांचे तिच्यासोबत फोटो काढून देतात. तेव्हा काश्मीरला जानेवारीत नेलेली यादी फाडा. जुलैत महाबळेश्वरला जाऊन एका भल्यामोठ्या पंख्यासमोर दिवसभर उभं राहायचं आहे, असं समजून सामान भरा. पंखा म्हणजे जहाज. ते २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने चाललं की वारा पडलेला असला तरी डेकवर तेवढा वारा तोंडावर येतोच. दहा अंश मग अंगाला सहा लागतात.

यावर इलाज एक जाडजूड कोट नव्हे, तीन पातळ थर. सगळ्यात आत अंगाला चिकटून बसणारं थर्मल, लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं. इथे आपला सुती गंजीफ्रॉक घात करतो. सुती कापड घाम आणि पाऊस दोन्ही पिऊन बसतं, वाळत नाही, आणि ओला गंजी अंगातली ऊब शोषून घेत राहतो. त्याच्यावर फ्लीसचं जॅकेट. ते हवा धरून ठेवतं. सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं, टोपीवालं पातळ जॅकेट. पावसाळ्यात गड चढणाऱ्यांकडे ते असतंच. नसेल तर विकत घेताना दोनच गोष्टी बघा. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या हव्यात आणि ते फ्लीसवर घालून हात वर करता आला पाहिजे. दुकानात नुसत्या टी-शर्टवर मापाचं घेतलेलं जॅकेट तिकडे फ्लीसवर चढतच नाही. माणूस बाह्या अर्ध्यात अडकून बुजगावण्यासारखा उभा राहतो आणि मागून कोणीतरी काकू दोन्ही हातांनी ते खाली ओढत म्हणतात, "श्वास सोडा हो, श्वास सोडा!"

जीन्स नको. भिजली की दोन दिवस केबिनमध्ये टांगून ठेवावी लागते आणि केबिन तीन बाय पाच मीटरची, त्यात बाथरूम धरून. छत्री तर नकोच नको. डेकवर ती पहिल्या मिनिटाला उलटी होते आणि दुसऱ्या मिनिटाला कॅनडाची मालमत्ता होते. बोटांची टोकं उघडता येणारे हातमोजे घ्या, नाहीतर प्रत्येक फोटोला मोजा दातात धरावा लागतो. बुटांचे तळवे खरबरीत हवेत, कारण ओल्या लाकडी डेकवर पांढरे चालायचे बूट कॅरमच्या सोंगटीसारखे घसरतात.

थरांचा खरा त्रास बाहेर नाहीच, दारात आहे. डेकवर आठ अंश, आत बावीस. सरकतं दार उघडून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं येतं, त्या आंधळेपणात जॅकेट काढायचं, मग फ्लीस, मग हातमोजे कुठल्या खिशात ते शोधायचं. सूपच्या रांगेत पोचेपर्यंत हातावर अर्धं कपाट जमा होतं. इतक्यात कोणीतरी ओरडतं, "देवमासा!" मग तेच सगळं उलट्या क्रमाने. दिवसातून असं आठदहा वेळा होतं. क्रूझवर वजन वाढतं म्हणतात, अलास्काच्या क्रूझवर ते वाढत नसेल तर या कवायतीमुळे. उपाय साधा आहे: समोरून पूर्ण चेनचे कपडे घ्या, डोक्यातून घालायचे नकोत, आणि खांद्याला एक रिकामी पिशवी असू द्या.

जायचं कधी, यावर घरात मतदान होतं आणि दिवाळीची सुट्टी बहुमताने जिंकते. जिंकून उपयोग नाही, कारण हंगाम एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात आटोपतो. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी मात्र बरोब्बर जमते. मे तिकडे त्यातल्या त्यात कोरडा, भाडं जुलैपेक्षा कमी, डोंगरांवर बर्फ अजून शाबूत. ओढ्यात सामन मासे पकडणारं अस्वल बघायचा हट्ट असेल तर मात्र मे सोडा. मासे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चढतात आणि अस्वलं त्यांच्या मागोमाग. सप्टेंबरात भाडं पुन्हा उतरतं आणि पाऊस चढतो. मला विचाराल तर मेचा शेवटचा आठवडा.

व्हिसाचं प्रकरण याहून चिवट. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरातून माणसं उचलून परदेशी बंदराला पाय न लावता अमेरिकी बंदरात सोडायची नाहीत. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामाज, पनामा असल्या ठिकाणी नोंदवलेली. म्हणून सिएटलहून निघालेलं जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, बऱ्याचदा संध्याकाळी काही तासच. परिणाम असा की सिएटलहून निघा की कॅनडातल्या व्हँकूव्हरहून, भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसा हवेत. अशा वेळी न्यू जर्सीतला भाचा फोनवर सांगतो, "काही लागत नाही हो मामा, आम्ही नुसते चढलो." त्याला लागत नाही, कारण त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. मामांकडे आधार कार्ड आहे. आधी अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळवा, तिच्यावरून पुढचं सगळं ठरवा. उलटं केलंत तर क्रूझ निघून जाते आणि तारीख येते.

बंदर निवडताना पोटाचाही विचार करा. व्हँकूव्हरहून निघालेलं जहाज व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमीच्या मधून, बेटांच्या आडोशाने जातं. पाणी बराच वेळ खाडीसारखं शांत. सिएटलची जहाजं साधारणपणे त्या बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात आणि तिथे लाट आपलं अस्तित्व दाखवते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी व्हँकूव्हर धरावं आणि केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्यावी. जहाज हिंदकळतं तेव्हा सी-सॉसारखं टोकांना जास्त हलतं आणि मध्यावर कमी. आल्याच्या वड्या जवळ असू द्या. डॉक्टरने दिलेली गोळी असेल तर ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची. नंतर घेतलेली गोळी समुद्राच्याच कामी येते.

बाल्कनी घ्यावी का? गरम देशांत बाल्कनी म्हणजे ओले पंचे वाळवायची जागा, ऊन बघून माणूस आत पळतो. इथे ती खरी वसूल होते. पहाटे पाचला रजई गुंडाळून चहाचा कप घेऊन बसावं आणि समोरून सूचिपर्णी झाडांनी झाकलेली बेटं एकामागून एक सरकत जावीत. पण जूनमध्ये जुनोला दिवस अठरा तासांचा, सूर्य चारला उगवतो आणि दहाला मावळतो. पडद्याच्या फटीतून रात्रभर उजेड डोळ्यावर येतो. कपडे वाळत घालायचे चार चिमटे न्या, पडदे मधोमध जोडता येतात. पैसे मोजके असतील तर खिडकी नसलेली केबिन घ्या, निवांत झोप लागेल, आणि वाचलेल्या पैशात जुनोला देवमासे दाखवणारी छोटी बोट करा.

आता खाऊ. चिवडा, चकली, खाकरे, दशम्या, मेतकूट, लोणच्याची बरणी आणि 'असू दे' या सदराखाली भाताचा इलेक्ट्रिक कुकर. कुकर, इस्त्री, किटली यांना जहाजावर बंदी असते; आगीच्या भीतीने या वस्तू तपासणीतच काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. बुफेतलं सफरचंद खिशात घालून बंदरावर उतरू नका, ताजी फळं बाहेर नेता येत नाहीत. बाकी सीलबंद कोरडा खाऊ चालतो, फक्त विमानतळावर तो जाहीर करायचा.

सामानावरून वाद झाला तर अलास्कातल्या स्कॅगवे बंदराचा इतिहास काढावा. १८९६मध्ये खिंडीपलीकडे, कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत झुंडी या बंदरावर उतरल्या. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे. त्यांचा नियम असा की वर्षभराची शिधासामग्री बरोबर असेल त्यालाच पुढे सोडायचं. एकूण वजन टनभर. त्या काळच्या याद्यांत पीठच १८० किलोच्या आसपास दिसतं. पाठीवर एका खेपेला पंचवीस-तीस किलो घेऊन तीसचाळीस वेळा तोच डोंगर चढायचा. असा नियम काढणारा पोलीस मूळचा सदाशिव पेठेतला असावा. मग १८९८ ते १९०० या काळात त्याच खिंडीतून तीन फुटी रुळांची रेल्वे घातली गेली, आपल्या माथेरानच्या दोन फुटी गाडीची थोरली बहीण. ती ३२ किलोमीटरमध्ये सुमारे ८७० मीटर चढते. डब्याच्या टोकाला उघडा सज्जा असतो. काचेतून फोटो काढून त्यात स्वतःचंच नाक आणण्यापेक्षा तिथे उभं राहा, तिन्ही थर घालून.

आणि मग ग्लेशियर बेचा दिवस. या खाडीत दिवसाला मोठी क्रूझ जहाजं दोनच सोडतात, म्हणून बुकिंग करतानाच मार्गात हे नाव आहे का ते बघून घ्या. १७९४ साली व्हँकूव्हर नावाच्या ब्रिटिश कप्तानाच्या माणसांना इथे खाडी अशी दिसलीच नव्हती, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १९१६पर्यंत तो बर्फ शंभरेक किलोमीटर मागे गेला. आज जहाज तेवढं आत जाऊन मार्जरी हिमनदीसमोर उभं राहतं. रुंदी दीडेक किलोमीटर, पाण्यावर उंची ७५ मीटरच्या आसपास. इथे आपली मंडळी एसटीच्या संस्काराने सकाळी सहालाच पुढच्या कठड्यावर रुमाल टाकतात. काही उपयोग नाही. भिंतीसमोर पोचल्यावर कप्तान जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवतो. तुमचा रुमाल डोंगराकडे तोंड करून राहतो आणि मागच्या बाजूला आळसाने सँडविच खाणाऱ्याला हिमनदी समोर मिळते. तासाभरात ती सगळ्यांच्या वाट्याला येते.

त्या भिंतीकडे बघताना दुर्बिणीपेक्षा धीर जास्त लागतो. बर्फ पांढरा नसतो. भेगांमध्ये तो शाईच्या दौतीसारखा निळा दिसतो, कारण दाबून घट्ट झालेला बर्फ तांबडा प्रकाश पिऊन टाकतो. बराच वेळ काही होत नाही. मग भिंतीचा एक तुकडा मुकाट्याने खाली येतो. आवाज नाही. पाण्यातून पांढरा फवारा उठतो, आणि तेव्हा कुठे गडगडाट कानावर पोचतो. अर्धा किलोमीटर दूर असाल तर दीड सेकंदाने. म्हणून आवाज ऐकून कॅमेरा फिरवणाऱ्याला नुसतं डुचमळणारं पाणी मिळतं. तिथले मूळ रहिवासी, त्लिंगिट लोक, या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. हिमनदीवरून थंड, जड हवा उताराने घसरत येते, म्हणून जहाज थांबलेलं असूनही इथला वारा सगळ्या प्रवासातला सगळ्यात बोचरा. फोनची बॅटरी त्या गारठ्यात ऐनवेळी मान टाकते. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. कॅमेरा आत नेण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि अर्धा तास उघडू नका. नाहीतर आतल्या दमट उबेने भिंगावर घाम धरतो.

गरुड बघायला मात्र काही कष्ट नाहीत. झाडाच्या शेंड्यावर उकडीचा मोदक ठेवल्यासारखं दिसलं की समजायचं, तो पांढऱ्या डोक्याचा गरुड.

घड्याळाचं तेवढं सांभाळा. अलास्काची वेळ व्हँकूव्हर-सिएटलहून एक तास मागे आहे, आणि फोन कुठल्या मनोऱ्याचं ऐकून कुठली वेळ दाखवेल याचा नेम नाही. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा, कारण जहाज थांबत नाही आणि जुनोहून बाहेर जायला रस्ताच नाही. विमान नाहीतर बोट. समुद्रात असताना फोन विमान-मोडवर हवाच. जहाजाचं मोबाइल नेटवर्क चुकून पकडलं तर घरी पाठवलेल्या 'पोचलो' एवढ्या शब्दाचं बिल गरुड बघून आल्यावर कळतं.

राहता राहिला पोहण्याचा पोशाख. तो सगळ्यात आधी यादीतून कापला जातो, आणि सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच होते. वरच्या डेकवर गरम पाण्याचा हौद असतो. पाणी अडतीस-चाळीस अंश, वर बारीक पाऊस, समोर बर्फाचे डोंगर. मानेपर्यंत बुडून बसलं की बाहेर उरतं ते फक्त डोकं. तेव्हा बॅगेच्या तळाशी हात घालायचा.