आखाजीच्या आधी गिरणी टाकाच!

गावातच राहा, गावातच धंदा करा, असं सांगून सांगून व्यासपीठांचा घसा बसला. ऐकाच मग. पिठाची गिरणी टाका, जोडीला मिरची कांडप. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय, नंदुरबारची मिरची अंगणाअंगणात वाळतेय. याहून चांगला मुहूर्त कुठला?

आधी कर्ज. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. ते तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, एवढं वाक्य मेळाव्यात माईक नेमका खरखरतो तेव्हाच येतं. छोट्या उद्योगाच्या कर्जाला ठरावीक रकमेपर्यंत तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँक म्हणते. म्हणू द्या. तुम्ही सातबारा काढून ठेवा.

उधारीची वही जाड घ्या.

जागा गावाबाहेर स्वस्त मिळते, पण मग लाइन शेतीच्या डीपीवरून, म्हणजे शेतपंपांच्या ट्रान्सफॉर्मरवरून. थ्री फेज आठ तास, तेही आठवड्याआड रात्री. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) दळण घेऊन बायका मध्यरात्री येतीलच.

मोटार १० एचपीची घ्या. ४१५ व्होल्टला ती साधारण १४ अँपिअर ओढते. आपल्याकडे मिळतात ३४०. तेवढ्याच कामाला मग १७ लागतात आणि जास्त करंटला मोटार बंद करणारा रिले पडतो. पडला की स्क्रू पिळून त्याचं सेटिंग वाढवा; सगळे तेच करतात. थोड्या वेळाने मोटारीच्या जळत्या वायंडिंगच्या वार्निशचा वास सुटेल, तो मसाल्याचा समजू नका. व्होल्टेज का पडतं? लाइट आली रे आली की शिवारातले सगळे पंप एकदम उठतात, कारण प्रत्येकाने पंप आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावलाय. उठताना मोटार सहापट करंट मागते. मंजुरी ३ एचपीची, विहिरीत साडेसातची. व्होल्टेज सावरणारा कपॅसिटर? पंपाच्या पेटीतून कधीच काढून ठेवला. डीपीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, फ्यूज वायरच्या जागी जाड तार पिळलीय, म्हणजे फ्यूज उडायला नको. नाहीच उडत तो. डीपी उडते.

आणि ती उडालीय, ऐन कांडपाच्या दिवसांत. नियमात खेड्यासाठी ४८ तास लिहिलेत, इथे नववा दिवस. वर्गणी झाली, ट्रॅक्टर ठरला, डीपीतलं तेल कुठे गेलं हे विचारायचं नाही. कांडपात अर्धवट कुटलेली मिरची, गिरणीच्या पाळूत, म्हणजे दगडी तळीत, दादर ज्वारी अडकलेली. (लाइट आल्याबरोबर बटण दाबू नका. आधी पाळू मोकळा करा, नाहीतर पट्टा जळेल.) बिलातला स्थिर आकार मात्र एक दिवसही बंद पडत नाही.

कसला उद्योग अन् कसला विकास! साहेब, फीत कापायला येता तेव्हा एकदा मीटरकडेही बघा. गिरणीला वेगळी डीपी द्या, मग भाषण करा. आणि भाऊ तुम्ही, रोज दारात येऊन ‘लाइट कव्हय येई भो?’ विचारता ना? तुमच्याच विहिरीवर ऑटो आहे. आज काढा. कपॅसिटर पेटीत परत बसवा. अन् मागच्या पोळ्यापासूनचे दळणाचे पैसे राहिलेत, ते देऊन जा.