ओक्लोची अणुभट्टी कुणीही बांधलेली नाही

आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथे युरेनियमची खाण होती. तिच्याबद्दलचा एक दावा सतत पुढे पाठवला जातो: तिथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी अणुभट्टी चालली, नैसर्गिक युरेनियमात सहज फुटणारं युरेनियम-२३५ फक्त ०.७२ टक्के असतं (बाकी जवळपास सगळं युरेनियम-२३८), तेवढ्यावर साध्या पाण्यात अणू फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया टिकत नाही. म्हणजे कुठल्यातरी प्रगत संस्कृतीने इंधन समृद्ध करून, म्हणजे त्यातलं २३५ चं प्रमाण वाढवून, ती भट्टी बांधली.

यातली आधीची विधानं आजच्या युरेनियमापुरती बरोबर आहेत, म्हणूनच शेवटचा निष्कर्ष लोकांना पटतो. चूक 'असतं' या शब्दात आहे. ०.७२ हा आजचा आकडा आहे.

युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, सुमारे ७०.४ कोटी वर्षं, युरेनियम-२३८ चं सुमारे ४४७ कोटी. दोन्ही घटतात, पण २३५ कितीतरी झपाट्याने. आज दहा हजार अणू घेतले तर २३५ चे ७२ आणि २३८ चे ९,९२८. आता २०० कोटी वर्षं मागे जा. एवढ्या काळात २३५ ची २.८४ अर्धायुष्यं उलटली, २३८ चं अर्धंही नाही. एक अर्धायुष्य मागे गेलं की अणू दुप्पट होतात, म्हणून ७२ ला ७.१७ ने गुणायचं, ९,९२८ ला १.३६४ ने. उत्तर येतं ५१६ आणि सुमारे १३,५४०, म्हणजे ३.७ टक्के. आज साध्या पाण्यावरच्या अणुभट्ट्यांत साधारण ३ ते ५ टक्क्यांचं इंधन घालतात. समृद्ध करायला कुणी लागलंच नाही. हेच गणित पृथ्वीच्या जन्मापर्यंत नेलं तर प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास जातं!

आणि हे शोधानंतर जुळवलेलं स्पष्टीकरण नाही. अशी नैसर्गिक भट्टी पेटू शकते, हे रसायनशास्त्रज्ञ पॉल कुरोदा यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. ओक्लोचा शोध लागला १९७२ मध्ये.

'तेव्हा मोजायला कोण होतं? ऱ्हासाचा वेग बदलला असेल,' असंही म्हटलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. झिरकॉन या खनिजाच्या एकाच स्फटिकात २३५ पासून शिसं-२०७ बनतं आणि २३८ पासून शिसं-२०६. वेग वेगळे, साखळ्या वेगळ्या, तरीही शाबूत स्फटिकात दोन्ही घड्याळं एकच वय सांगतात. शिवाय १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा) प्रकाश दीड लाखाहून जास्त वर्षं प्रवास करून आला होता, आणि तो मंदावला तो स्फोटातून आलेल्या कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्यानुसार, म्हणजे आज प्रयोगशाळेत मोजतो त्याच वेगाने.

नियंत्रण कुणी केलं? जमिनीतल्या पाण्याने. पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, म्हणून विखंडन, म्हणजे अणू फुटणं, चालू राहतं. उष्णतेने पाणी उकळून गेलं की ते थांबतं. खडक निवला, पाणी परतलं की पुन्हा सुरू. खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूवरून २००४ मध्ये काढलेला हिशेब सांगतो की भट्टी सुमारे अर्धा तास चालायची आणि अडीच तास बंद असायची.

उरतो 'गायब इंधना'चा मुद्दा: ओक्लोच्या युरेनियमात २३५ कमी भरलं, म्हणजे ते कुणीतरी काढून नेलं, असा. फ्रान्समधल्या पिएरलातच्या युरेनियम प्रकल्पात २३५ चं प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी ०.७१७१ भरलं, तिथून हा सगळा शोध सुरू झाला. कुणी इंधन नेलं असतं तर विखंडनाच्या खुणा मागे राहिल्या नसत्या. त्या मात्र खडकातच आहेत. एरवी निओडिमियम या धातूमध्ये निओडिमियम-१४२ हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) २७ टक्के असतो, पण विखंडनातून तो तयार होत नाही. ओक्लोच्या भट्टीतल्या निओडिमियममध्ये तो ६ टक्क्यांहून कमी निघाला.