कोपऱ्यातली सही

गावाकडच्या मित्रांशी फोनवर बोलताना हल्ली एक वाद हमखास निघतो: फ्लेक्सने ज्यांचे पोट मारले, त्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना कलावंत म्हणायचे की कारागीर? जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला मित्र त्यांना हात बसलेले कारागीर ठरवून मोकळा होतो. दुसरा मात्र गहिवरून त्यांना 'लोककलावंत' म्हणतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात बारा वर्षे काढल्यावर मला या दुसऱ्याचीच धास्ती अधिक वाटते.

याच राज्यातल्या कोलब्रुक गावी १७८८ साली जन्मलेला अ‍ॅमी फिलिप्स (नाव बाईचे वाटले तरी हा पुरुष) कुठल्याही चित्रशाळेत न शिकता, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेलगतच्या गावांतून सुमारे पन्नास वर्षे लोकांची व्यक्तिचित्रे रंगवत हिंडला. त्याने रंगवलेली लाल झग्यातली मुलगी न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयात आहे. तिच्या कुशीत पांढरे मांजर आहे, पायाशी कुत्रा आहे, आणि देहाची ठेवण शास्त्राला धरून नसली तरी त्या सपाट लाल रंगापुढून पाय निघत नाही. तसाच झगा त्याच्या इतर चित्रांतल्या मुलांच्या अंगावरही दिसतो, कारण हा रोकडा धंदा होता. त्याचा समकालीन विल्यम मॅथ्यू प्रायर याने तर १८३१ साली जाहिरातच दिली होती, की छायाप्रकाशाविना सपाट चित्र चालणार असेल तर पाव किमतीत मिळेल. पुढे १८३९ नंतर डॅगेरोटाइप, म्हणजे सुरुवातीची छायाचित्रे आली आणि या मंडळींचे गिऱ्हाईक तिकडे वळले.

विसाव्या शतकात संग्राहकांनी ही चित्रे 'लोककला' म्हणून डोक्यावर घेतली, पण फिलिप्स सही क्वचितच करत असल्याने त्याच्या कामाचे श्रेय दोन वेगवेगळ्या अनामिक चित्रकारांना दिले गेले. ते दोघे म्हणजे हाच एक माणूस, हे बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दांपत्याने चिकाटीने शोधून काढले. तोवर तो जाऊन जवळपास शंभर वर्षे झाली होती. 'लोक' म्हटले की कर्त्याचे नाव विचारायची गरज उरत नाही, ही त्या शब्दाची खोड आहे.

आपले पेंटर पाटीच्या कोपऱ्यात सही करत. गेल्या खेपेला गावातल्या एका सलूनच्या पाटीवर तशी सही दिसली, पण निम्मे नाव नव्या शटरच्या पट्टीखाली गेले होते. उरलेल्या अक्षरांचा मी फोटो काढला आणि दोन्ही मित्रांना विचारले, हा कोण? ते अद्याप शोधत आहेत.