लेंड्यांचा ताळा

बँकेत 32 वर्षे रोखपालाचे काम करून निवृत्त झालो, तेव्हा यापुढे काहीही मोजायचे नाही असा माझा निश्चय होता. परंतु नोकरीसाठी बंगळूरला निघालेल्या कन्येने 'कापूस' नावाचा पांढराशुभ्र ससा सदाशिव पेठेतील आमच्या दोन खोल्यांत ठेव म्हणून ठेवला आणि तेव्हापासून मी रोज पहाटे गुडघे टेकून लेंड्या मोजत असतो.

यात विकृती काही नाही. सशाला उलटी करता येत नाही; त्याचे आतडे मंदावले की गोष्ट बघता बघता जिवावर बेतते आणि त्याची पहिली खूण म्हणजे लेंड्या घटणे. निरोगी ससा दिवसाकाठी 200 ते 300 लेंड्या सहज टाकतो. "साधारण अंदाज ठेवा," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण रोखपालाला अंदाजावर झोप लागत नाही. मी वही घातली.

ताळा मात्र जुळेना. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला, की ससा काही मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या परस्पर तोंड लावून खाऊन टाकतो, कारण त्यांत आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली जीवनसत्त्वे आणि प्रथिने असतात. ही भांडवलाची पुनर्गुंतवणूक असल्याचे मी सौभाग्यवतींना उत्साहाने समजावून सांगितले. तो चतुर्थीचा दिवस होता आणि त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी होती. पुढे दोन दिवस आमच्यात व्यवहारापुरतेच बोलणे झाले.

खाण्याचा विषय मला सोपा वाटला होता. ससा म्हणजे गाजर, हे आपण अंकलिपीपासून शिकत आलो, म्हणून मी मंडईतून दोन किलो गाजरे आणली. तेव्हा कळले, की गाजरात साखर फार, ते सशाला अधूनमधून बोटभर तुकड्याएवढेच द्यावे. (उरलेल्याचा हलवा झाला. तो मधुमेहामुळे मलाही चालत नाही.) सशाला हवे असते वाळलेले गवत, तेही अष्टौप्रहर, कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात. गवत कमी पडले म्हणून नव्हे, केवळ स्वभावाने, त्याने इंटरनेटची वायरही तोडली, तो भाग वेगळा. सकाळी आठ वाजता भाजीवाल्या मावशींकडे गवताची चौकशी केली, तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "काका, म्हैस किती लिटर देते?" हिरवा लसूणघास मिळाला, पण त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त, म्हणून वाढत्या पिलांनाच तो ठीक. अखेर कुरिअरने गवत येऊ लागले. त्याचा भाव आमच्या आंबेमोहोरापेक्षा चढा आहे, हे मी घरात अद्याप सांगितलेले नाही.

मे महिन्यात खरी कसोटी लागली. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता टाकतो. म्हणून कूलर त्याच्याकडे, गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या कुशीत आणि मी वर्तमानपत्राने वारा घेत दारात. तरीही एके दिवशी दुपारी दोन वाजेपर्यंत वहीत अवघ्या 19 लेंड्या पडल्या होत्या. गवतालाही त्याने तोंड लावले नव्हते. टोपलीत ओले फडके अंथरून मी रस्त्यावर आलो, तर तीन रिक्षावाल्यांनी कोथरूडला यायचे नाकारले. चौथा तयार झाला, तो बहुधा टोपलीत आंबे आहेत अशा समजुतीने.

लकडी पुलाच्या अलीकडे रिक्षा अशी काही आदळली, की माझी टोपी उडाली आणि टोपलीतून ओळखीचा टपटप आवाज आला. मी फडके बाजूला सारले. एक, दोन, पाच, अकरा... डोळे भरून आले, तरी मोजणे थांबवले नाही. मान खाली घालून पुटपुटणाऱ्या माझ्याकडे आरशातून बघत रिक्षावाला म्हणाला,

"सुटे मोजताय ना काका? बरं झालं, माझ्याकडे अजिबात नाहीत."