व्हय म्हाराजा! अर्थात, ओपन हाऊसला कसं जावं

कोकणात आंब्याला मोहोर आणि नाक्यानाक्यावर शाळांचे फ्लेक्स, दोन्ही साधारण एकाच सुमारास फुटतात. मोहोराची निदान गळ तरी होते. फ्लेक्स मात्र 'ॲडमिशन ओपन, मर्यादित जागा' म्हणत थेट पावसाळ्यापर्यंत टिकतो, आणि मर्यादित जागा जुलैतही तितक्याच मर्यादित उरलेल्या असतात. तेव्हा तुमच्या घरात शाळेच्या वयाचं मूल असेल तर ओपन हाऊसला, म्हणजे प्रवेशाआधी पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी, जाणं आलंच. कसं जावं, हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या वर्षी लेकीसाठी देवगडकडच्या सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरची, एक शाळा बघून आलोय.

पहिलं म्हणजे, शाळा सांगेल त्याच दिवशी जा. जानेवारीचा रविवार असतो, हवा थंड असते, विहिरीला पाणी असतं, रंगीत पत्र्याचं छप्पर उन्हात झळकत असतं. जुलैत वाट वाकडी करून मुळीच जाऊ नका. पत्र्यावर आपला पाऊस कोसळायला लागला की बाई फळ्यापाशी काय म्हणतायत ते पहिल्या बाकालाही कळत नाही, आणि लाईट गेली की स्मार्ट बोर्ड नुसता बोर्ड उरतो. एप्रिलमध्येही नको. सड्यावर तेव्हा टँकर येतो आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागतं. तसंही, असल्या जागा बघायला कोणी ओपन हाऊसला जातं का? आपण ऑडिटोरियम बघायला जातो.

कपडे लग्नाचे नकोत, पण मुंजीचे चालतील. दारातच रजिस्टरपाशी बसलेल्या मॅडम तुमच्याशी इंग्रजीत बोलतील. त्या शिरगावच्या आहेत आणि तुम्ही जामसंड्याचे, हे दोघांनाही माहीत असतं. तरी तुम्हीही इंग्रजीतच उत्तर द्या. मग तुम्हाला आणि मुलाला एका खोलीत बसवतील. ही मुलाखत नव्हे हं. हा 'संवाद'. मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावून प्रवेश देणं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. पहिल्यांदा पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून संवाद. त्यात 'वडील काय करतात', 'घरी कुठली भाषा बोलता', 'गाडी आहे का' एवढंच मायेने विचारतात. कायद्याचं नाव तुम्ही काढू नका. चहा थंड होतो.

यानंतर संस्थाचालकांचं भाषण. कोकणातल्या माणसाला याची सवय लहानपणापासूनच असते, कारण हे गाऱ्हाणंच, म्हणजे देवापुढे घातलेलं मागणं. फरक इतकाच की गावकर देवळात नारळ पुढे ठेवून बोलतो, हे लॅपटॉप ठेवून बोलतात. ह्या लेकरांका ऑलिम्पियाडात मेडल मिळू दे रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! ह्यांका रोबोटिक्स येऊ दे, फाडफाड इंग्लिश बोलू दे रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! कोणाची वायट नजर लागली आसात तर ती झेडपीच्या शाळेर जाऊ दे रे म्हाराजा! इथे सगळे पालक सर्वात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणतात, कारण त्यातले निम्मे शिकले तिथेच. मीही म्हटलं. खोटं कशाला सांगू?

भाषणाचा कळस म्हणजे शंभर टक्के निकाल. टाळ्या वाजवा, पण वाजवताना रत्नागिरीच्या बोर्डाचे आकडे आठवू नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आपला कोकण विभाग. दहावीला तो वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. 2024 साली 99.01 टक्के, 2025 साली 98.82 टक्के. म्हणजे जिथे शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पोरं बिनफ्लेक्सची पास होतात, तिथे या शाळेने उरलेल्या एक-दोन पोरांसाठी एवढी मोठी इमारत बांधली. त्या उरलेल्यांचं काय करतात, हाही प्रश्न विचारू नका. नववीतच एखाद्याच्या बापाला बोलावून, 'तुमच्या मुलाला इथलं प्रेशर झेपत नाही' असं प्रेमाने सांगून हातात दाखला ठेवला, की तो पोरगा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतो. फ्लेक्सवर तो कसा दिसेल? फोटो पासपोर्ट साईजचे असले तरी जागेला मर्यादा असतेच.

मग प्रयोगशाळा. इथे वेळ काढून हिंडा. सूक्ष्मदर्शकावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नसेल, तर ते निगा राखण्याचं लक्षण समजा. काढलेला असेल तर भिंगातून डोकावू नका. आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि स्लाईड कुठलीही लावली तरी तीच दिसते. मी गेलो तिथे सांगाड्याचा जबडा सुतळीने बांधलेला होता. त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर 'मी काही बोलणार नाही' असा जो भाव आला होता, तो त्या खोलीतल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर होता.

सांगाड्याशेजारी टेबलावर ज्वालामुखी. ज्वालामुखीशिवाय ओपन हाऊस होत नाही. मागे सातवीतला एक मुलगा, टायची गाठ कानाखाली सरकलेली. मी समोर उभा राहताच तो सुरू झाला, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड पॅरेंट्स, टुडे आय ॲम गोइंग टू एक्सप्लेन..." मी मध्येच विचारलं, "बाळा, सोडा किती घातलास रे?" तो थांबला, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड पॅरेंट्स..." दुसऱ्यांदा अडवलं, तेव्हा तिसऱ्यांदा गुड मॉर्निंग झाली. इतक्यात मॅडम दुसऱ्या पालकांकडे वळल्या. मुलगा टेबलावरून वाकून हळूच म्हणाला, "काका, व्हिनेगार संपला. आवशीन सरबताक दिलेला आगळ ओतलंय."

बघितलं तर खरंच. लाव्हा लालभडक, फसफसून वर येतोय, आणि खोलीभर कोकमाचा वास. आगळ म्हणजे कोकमाचा रस, तोही आंबटच, सोड्यावर ओतला की फसफसणारच, हे त्या पोराला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या सबंध इमारतीत त्या दिवशी झालेला खरा प्रयोग तेवढाच. आणि गंमत म्हणजे ती इमारत ज्या जांभ्याच्या सड्यावर उभी होती, त्याच्या पोटात काळा कातळ आहे, तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. जांभाही तोच कातळ झिजून झालेला. पण खिडकीतून सडा दाखवणं पॅकेजमध्ये नव्हतं. तुम्हाला असा पोरगा भेटलाच तर त्याच्याशी गप्पा मारत बसू नका. पाठ केलेल्या पोरांच्या टेबलाकडे वळा, तिथे गर्दी कमी वेळात सरकते.

शिक्षकांबद्दल तर काहीच विचारू नका. दशावतारात रात्री राजा असतो त्याच्या डोक्यावर सकाळी बोजा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तसंच, रविवारी 'आमचे कॉम्प्युटर एक्स्पर्ट' म्हणून कोट घालून उभे राहिलेले सर सोमवारी पीटी घेतात, मंगळवारी फीच्या पावत्या फाडतात, आणि पगार ऐकला तर तुम्हीच त्यांना जेवायला बोलवाल. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तिसांमागे एक, असं कायदा म्हणतो. इथे वर्गात बाक मोजलेत तर बावन्न मुलांची सोय निघते; पण माहितीपत्रकावर 'वैयक्तिक लक्ष' छापलेलं आहे, मग मोजायचं कशाला? आमच्या वाडीतल्या झेडपीच्या शाळेत नऊ मुलं आणि दोन शिक्षक आहेत. तिथे लक्ष इतकं वैयक्तिक आहे की पोरांना नाकात बोट घालायची सोय नाही. ओपन हाऊसवाल्या शाळेची पिवळी बस रोज सकाळी तिच्या फाटकावरूनच जाते.

बाहेर पडताना इमारतीवरची पाटी वाचा, पण लांबून. लांबून 'सीबीएसई' एवढंच दिसतं. जवळ गेलात तर खाली बारीक अक्षरांत 'पॅटर्न' सापडतो, आणि मग तुम्हाला संलग्नता क्रमांक विचारावासा वाटेल, तो बोर्डाच्या संकेतस्थळावर पडताळावासा वाटेल. अशाने घरात भांडणं होतात. डोनेशनचंही तेच. ते घ्यायला बंदी आहे, घेतलं तर दहापट दंड होऊ शकतो, म्हणून ते कोणी घेत नाही. 'इमारत निधी' घेतात. इमारत समोर दिसतेच आहे, मग पावतीचा हट्ट कशाला? आणि शाळा सुरू झाल्यावर फी ठरवण्याच्या पालकांच्या कार्यकारी समितीसाठी चिठ्ठ्या टाकतात, त्यात आपलं नाव घालायचं नाही. चुकून निघालं तर कागद वाचावे लागतील.

शेवटी फाटकाशी अभिप्रायाचा फॉर्म देतात. 'सर्वात जास्त काय आवडलं?' या रकान्यात 'शिस्त' किंवा 'वातावरण' लिहायचं असतं. माझ्या हातून चुकून खरं लिहिलं गेलं. मी लिहिलं, कोकमाचं आगळ.

मॅडमनी फॉर्म वाचला, दोनदा वाचला आणि अदबीने म्हणाल्या, "सॉरी सर, कॅन्टीन जूनपासून सुरू होणार आहे."