लेनी क्रेझेलबर्ग अमेरिकेला ‘आयता’ मिळाला नव्हता

स्थलांतरित खेळाडूंचा विषय निघाला की लेनी क्रेझेलबर्गबद्दल एक दावा हमखास पुढे येतो: सोव्हिएत व्यवस्थेनं घडवलेला जलतरणपटू अमेरिकेला आयता मिळाला, तो पदकांसाठी देश सोडून गेला, आणि निष्ठा मात्र तिसरीकडेच, कारण जागतिक स्पर्धा सोडून तो इस्रायलला मक्काबिया या ज्यू खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोहायला गेला.

‘घडवलेला’ या शब्दात थोडं तथ्य आहे, तेवढं आधी मान्य करते. लेनीचा जन्म 1975 चा, आताच्या युक्रेनमधल्या ओडेसाचा, ज्यू कुटुंबातला. तिथल्या लष्करी क्रीडा क्लबात तो लहानपणीच कडक शिस्तीत पोहायला शिकला. पण 1989 मध्ये कुटुंबासोबत लॉस एंजेलिसला आला तेव्हा तो जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा होता. तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा, या वयाचा मुलगा ‘तयार’ असतो का? खांदे अजून भरायचे असतात, उंची वाढायची असते, आणि याच वयात कितीतरी गुणी पोरं पोहणं सोडतात.

लेनीचंही तेच व्हायचं होतं. तो जिथे सराव करायचा तो क्लब बंद पडला. त्याच्या हायस्कूलला पोहण्याचा संघच नव्हता. इंग्रजी नवी, घरात पैशाची ओढाताण. ज्यू समाजकेंद्राच्या तलावावर त्यानं जीवरक्षकाची नोकरी धरली. पुढे सान्ता मोनिकाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात प्रशिक्षक स्टू ब्लमकिन यांनी त्याचं पाणी ओळखलं आणि त्याला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक मार्क शूबर्ट यांच्याकडे धाडलं. याला आयतं म्हणायचं?

आता पदकांसाठी देश सोडण्याचं. हा आरोप मला सर्वांत क्रूर वाटतो. सोव्हिएत पासपोर्टात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ज्यू’ असं छापलेलं असे; त्या एका शब्दावर नोकरी, कॉलेजप्रवेश, बढती अडायची. त्या काळात हजारो ज्यू कुटुंबं तिथून निघाली, ती काही पोहण्याच्या शर्यतींसाठी नव्हे. लेनीला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं 1995 मध्ये. 1996 च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत तो 200 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या शर्यतीत, पाचवा आला, म्हणजे घरीच राहिला. पदकं हेरून आलेल्या माणसाचा हा प्रवास नाही.

फळ आलं ते यानंतर. 1998 मध्ये पर्थला 100 आणि 200 मीटर बॅकस्ट्रोकची दोन्ही जागतिक विजेतेपदं. 1999 मध्ये सिडनीत 50, 100 आणि 200 मीटर, तिन्ही अंतरांवर विश्वविक्रम. 2000 च्या ऑलिम्पिकमध्ये त्याच तलावात 100 मीटर 53.72 सेकंदांत आणि 200 मीटर 1 मिनिट 56.76 सेकंदांत, शिवाय मेडले रिलेचं, म्हणजे चौघांनी चार शैलींत पोहायच्या सांघिक शर्यतीचं, तिसरं सुवर्ण. बॅकस्ट्रोकमध्ये भिंत दिसत नाही. पाच मीटर आधी डोक्यावर झेंड्यांची दोरी दिसते आणि तिथून हात मोजायचे असतात. अशा शर्यतीत अखेरचे मीटर अंगात मुरलेल्या सवयीवरच जातात, आणि ती सवय लॉस एंजेलिसच्या पाण्यातली होती.

राहिली निष्ठा. 2001 मध्ये त्यानं फुकुओकाची जागतिक स्पर्धा सोडली, हे खरं. पण तो इस्रायलला गेला ते अमेरिकेच्या पथकातून, उद्घाटनाला अमेरिकेचाच झेंडा हातात घेऊन. काळ आठवा: दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, पेटलेला, अनेक खेळाडूंनी येणं टाळलेलं. 1 जूनला तेल अवीवमधल्या डॉल्फिनेरियम डिस्कोबाहेर स्फोट होऊन 21 जण मेले होते, बहुतेक सोव्हिएत भूमीतून आलेल्या कुटुंबांतली तरुण मुलं. लेनीच्या घरासारखीच घरं ती. तिथे जाऊन उभं राहण्यात अमेरिकेशी कसली गद्दारी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

खांद्याच्या दुखापती सोसून तो 2004 ला अथेन्समध्येही उतरला. 100 मीटरमध्ये कांस्यपदक 0.02 सेकंदांनी हुकलं. रिलेच्या प्राथमिक फेरीत पोहल्याबद्दल, संघ पुढे जिंकल्यामुळे, चौथं सुवर्ण मिळालं. नंतर त्यानं मुलांसाठी पोहण्याची शाळा काढली, ती जिथे पूर्वी जीवरक्षक म्हणून उभा असायचा त्याच समाजकेंद्राच्या तलावावर.