अंबियाचं सेटिंग, मृगाचं सेटिंग

यंदा नागपूरला गेले तेव्हा प्रतापनगरच्या घरी, गच्चीत संत्री सोलता सोलता जुनाच वाद पेटला: काम ठरलेल्या, लिहून ठेवलेल्या पद्धतीनं करायचं की गरज पडेल तसं बदलत जायचं. माझा धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र परसोडीच्या आयटी पार्काजवळ संत्र्यांची प्रतवारी करणारं मशीन बनवतात. कॅमेरा फळाचा रंग, आकार आणि डाग बघतो आणि त्यानुसार फळ त्या-त्या क्रेटकडे जातं. काकांनी मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आयुष्य काढलं. त्यांचं म्हणणं, "कागदावर नाही ते काम झालंच नाही समजायचं." भाऊ म्हणाला, "काका, आम्ही कागद भरत बसलो तर सीझन निघून जाते. इथं रोज नवीन काही होऊन राहिलं." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी जर्मनीत राहते, तेव्हा मी आपल्याच बाजूची असणार, अशी काकांची खात्री होती.

मी भावाला मागच्या वर्षीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

मशीन पहिल्यांदा लागलं ते कळमन्यातल्या एका व्यापाऱ्याकडे, नोव्हेंबरात, अंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या, मालावर. अंबियाचं फळ उतरतं तेव्हा पुरेशी थंडी पडलेली नसते, म्हणून आतून तयार असलं तरी साल बरीच हिरवट राहते. कुठला रंग चांगला धरायचा हे ठरवणारे मशीनमधले आकडे त्या फळावर बेतले होते. फेब्रुवारीत मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेला, माल आला, थंडी खाऊन केशरी झालेला, आणि मशीन तो 'अतिपिकलेला' म्हणून बाजूला टाकायला लागलं. तिथल्या ऑपरेटरनं कुणाला फोन न करता अर्ध्या तासात आकडे हलवले आणि गाडी रुळावर आणली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. दिवाळीच्या आत तो नोकरी सोडून गेला. मग पुन्हा अंबिया आला. नव्या मुलाच्या डोळ्यांदेखत दोन दिवस चांगला हिरवट माल खराबच्या क्रेटमध्ये पडत राहिला. कुठला आकडा बदलला होता, आधी किती होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ रात्रभर जुने फोटो चाळत बसला.

काका म्हणाले, "बघ, सांगत होतो ना." मला मात्र त्या ऑपरेटरचा अर्धा तास हे त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. फळ समोर बघून त्यानं निर्णय घेतला. नुकसान झालं ते त्याचं शहाणपण त्याच्याबरोबर फाटकाबाहेर गेलं म्हणून.

मी स्टुटगार्टला इन्फ्युजन पंपाच्या सॉफ्टवेअरवर काम करते. हा पंप रुग्णाच्या शिरेत मोजून औषध सोडतो. आकडा चुकला तर माणूस जातो, म्हणून इथं आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेसाठी) आणि आयईसी ६२३०४ (त्यांच्या सॉफ्टवेअरसाठी) या मानकांप्रमाणे प्रत्येक बदलाची नोंद आणि चाचणी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण या शिस्तीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एका रुग्णालयात रात्रपाळीच्या नर्सनं मला तिचा पंप दाखवला. गजर झाला की पडद्यावर कारणाची ओळ येते, ती इतकी बारीक की अंधारात वाचता येत नव्हती. तिनं पंपाच्या कडेला चिकटपट्टी लावून त्यावर मार्करनं खुणांचे अर्थ लिहून ठेवले होते. ती अक्षरं मोठी करायला आम्हाला सात महिने लागले. त्यात खरं काम, चाचण्या धरून, तीन आठवड्यांचं. बाकीचा वेळ सह्यांची वाट बघण्यात गेला.

तेव्हा आम्ही मानकाकडे बोट दाखवत होतो. पण २००६ सालचं आयईसी ६२३०४ काम कुठल्या क्रमानं करावं हे लादत नाही. टप्प्याटप्प्यानं, दाखवत-सुधारत काम करायला त्यात मोकळीक आहे. ताठरपणा आमचाच होता. पुढे आम्ही कामाचे दोन भाग केले. औषधाच्या मात्रेला हात लावणारा कोड पूर्ण तपासणीशिवाय हलत नाही. पडद्याची मांडणी मात्र दर दोन आठवड्यांनी नर्सना नमुना म्हणून दाखवतो, त्या सांगतील तशी मोडतो, आणि बसली की मगच ती कडक तपासणीच्या रस्त्याला लावतो.

आपल्याकडच्या वादात दोन्ही बाजू अर्धंच वाक्य उचलतात. तरुण मंडळी अजाइलच्या, म्हणजे थोडं थोडं करून, दाखवून, बदलत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या, जाहीरनाम्याचा हवाला देतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटाला जमलेल्या १७ जणांनी तो लिहिला, आणि आराखडा, करार, कागदपत्रं यांनाही मोल आहे हे त्यातच म्हटलं आहे. काकांच्या पिढीला सीएमएमच्या, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीची कामाची पद्धत किती पक्की हे मोजणाऱ्या मापाच्या, पाचव्या म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण त्या पातळीचं नावच 'ऑप्टिमायझिंग', म्हणजे पद्धत सतत सुधारत राहणं. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं की सुधारणा थांबते, हे काकांनीही पाहिलं आहे. ते त्यांनी त्या दिवशी मान्य केलं, हे मला मोठं वाटलं.

तरुणांचा कागदावरचा राग मला समजतो. आपल्याकडे पद्धत बहुतेक वेळा काम न करणारा माणूस लिहितो, आणि ऑडिटच्या आदल्या रात्री जागून फायली भरल्या जातात. मोटारी बनवणाऱ्या टोयोटात तिथली उत्पादनाची पद्धत घडवणाऱ्या ताइइची ओहनो यांनी उलटं केलं. कामाची ठरलेली रीत त्या लाइनवरच्या माणसांनीच लिहायची आणि सुधारणा सापडली की त्यांनीच बदलायची. ठरलेली रीत समोर असली तरच बदल चांगला की वाईट हे दिसतं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

म्हणून भावाला म्हटलं, फाइल नको, मशीनला टांगलेली एक वही कर. रोज सकाळी त्याच पांढऱ्या पट्टीवर कॅमेरा तपासायचा, यात सूट नाही. रंगाचे आकडे ऑपरेटरनं खुशाल बदलावे, परवानगी नको. पण तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण त्याच वेळी लिहायचं. वहीचे रकाने अडचणीचे वाटले तर तेही त्यानंच बदलायचे. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, एवढं तर होऊन जाईल."

मी परत आल्यावर त्यानं फोटो पाठवला. वहीला सुतळी बांधून पेन लटकवलंय. पहिली नोंद नव्या मुलाच्या अक्षरात: "हिरवं फळ खराब नाही. अंबिया आहे." जुना आकडा, नवा आकडा, सगळं नीट. खालच्या दोन नोंदींत मात्र कारणाचा रकाना रिकामा आहे. रविवारी भावाला फोन करणार आहे. त्या मुलाशीही बोलायचं आहे, तिथं काय लिहावं हे त्याला कळलं नाही की लिहायला वेळच मिळाला नाही, हे विचारायला.